गादीसकट मोजलेली खुर्ची

"भावजी, ही गादी आहे का उंटाची पाठ?"

"बस की गुमान, पैलवान! नुसत्या फळीवर बसून गोळा फेकलास तर आपल्या दुकानाची अब्रू जाईल."

पैलवान म्हणजे त्यांची धाकटी भावजय. निवड चाचणीच्या मैदानावर लोखंडी खुर्ची पट्ट्यांनी जमिनीला आवळून हे मोठे दीर घाम पुसत उभे होते. गादी त्यांनी कालच बदललेली, तीही तिला न सांगता.

लहानपणीच्या तापानं तिचे दोन्ही पाय वाळले होते. लग्न होऊन आली तेव्हा सोफ्याच्या दुकानात दिरांनीच तिला सुई दिली. "पाय राहू देत, टाका कसा पडतो ते बघू." फोम कोंबून, पट्टे ओढून तिचे दंड असे भरले की ब्लाउज उसवायला लागले. मग एकदा व्यायामशाळेचं बाकडं शिवायला आलं. गादी नीट बसली का बघायला ती त्यावर आडवी झाली आणि सोबत आलेला वजनाचा दांडा सहज उचलला. बाकड्याच्या मालकानं तोंडात बोट घातलं. तिथून जी निघाली ती वजन उचलत पॅरालिम्पिकपर्यंत गेली. सहावी आली. पुढं उजवा खांदा कायमचा रुसला.

"डावा काय पूजेला ठेवायचाय?" दीर म्हणाले, आणि गोळाफेकीची खुर्ची स्वतः बनवून घेतली.

आता पंच टेप घेऊन वाकला. "नियमापेक्षा दोन बोटं उंच आहे. चालणार नाही."

"अहो, माणूस बसल्यावर दबते की गादी! आमच्यात तशीच मोजतात."

"आमच्यात रिकामी मोजतात. गादीसकट."

दिरांचं तोंड उतरलं. आज खुर्ची बाद झाली तर या खेळातून पॅरालिम्पिकला जायची वाट बंद, आणि पहिला खेळ तर सुटलेलाच.

"भावजी, कात्री."

कात्री त्यांच्या खिशात कायम असायची. पण हात चालेना. रात्रंदिवस दुसऱ्यांची बुडं सुखात राहावीत म्हणून खपलेला माणूस, घरच्या माणसासाठी पहिल्यांदाच मनासारखी गादी भरलेली.

"सुखानं बसवलंत मला, इतकी वर्षं बसवलंत," ती म्हणाली. "आज फळीवर बसू द्या. फाडा."

त्यांनी टराटरा शिवण उसवली, फोम ओढून काढला. रिकामी खोळ फळीवर ताणून बांधली. पंचानं पुन्हा टेप लावला आणि मान हलवली. फळीनं तिचं हाड न् हाड मोजलं, पण डाव्या हातानं चुकारपणा केला नाही. गोळा खुणेच्या पार पडला.

त्याच फळीवर बसून तिनं पुढं पॅरालिम्पिकचं कांस्यपदक आणलं. दुकानात शिरल्या शिरल्या दिरांच्या गळ्यात घातलं.

"काढ बाई, दोऱ्यात अडकतंय," म्हणत त्यांनी ते काढलं नाही, शर्टाच्या आत सारलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक खुर्ची घेऊन आलं. "गादी जरा उंच भरा हं."

"किती उंच?" तिनं विचारलं. "बसल्यावर, का रिकामी?"

दीर पाठ फिरवून, हसू दाबत खोकत बसले. तिनं टेप ओढला, खुर्ची आडवी घातली आणि जुना पट्टा उचकटायला लागली.