दशीचा धागा

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. बायकोनं विषय काढला की पेपर उघडून बसायचो. आता डोळ्यांमुळं पेपरही वाचवत नाही, तर लिहून टाकतो.

चितेगावच्या एका कारखान्यात मी स्टोअरला होतो. आलेला माल तपासून आत घ्यायचा, हे काम. पुरवठादार गोड बोलायला लागला की मी पोतं खालून फोडायचो. पुढं ती सवय घरी आली. भाजीवाला, डॉक्टर, जावयाकडची माणसं, सगळ्यांना मी खालून फोडून बघायचो.

निवृत्तीनंतर पुण्याला मुलाकडं आलो. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींची अजिंठ्याची सहल ठरली तेव्हा सगळे म्हणाले, "तुम्ही तिकडचे. आम्हाला कुणी गंडवू नये, ते तुम्ही बघा." मला तेवढंच हवं होतं. लेण्यांच्या पायथ्याशी, फर्दापूरला रंगीत दगड विकणारे मागं लागले की मी नुसता हात हलवायचो, "रंगवलेलाय." खरंच रंगवलेला होता का, देव जाणे. मंडळी मात्र खूश होती.

संध्याकाळी शहरात शिरल्यावर ड्रायव्हरनं न विचारता बस जुन्या वस्तीकडं वळवली. "हिमरूच्या शाली बघा काका, हातमागावरच्या. आता लई थोडे माग राहिलेत." याचं कमिशन ठरलेलं असणार, हे मी तिथंच ओळखलं. सगळी नोकरी या शहराच्या उंबऱ्यावर झाली, पण हिमरूचा माग मी कधी बघितला नव्हता. तेवढं मात्र कुणाला बोललो नाही.

विणकर पन्नाशीचा, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला. आम्ही शिरताच चहा आला. न मागता आलेला चहा मला कधीच आवडला नाही. खोलीत एकच दिवा. मनात म्हटलं, माल झाकायला अंधार बरा.

"आओ साब, बसा. हात लावून बघा, हात लावायला पैसे नाय," तो म्हणाला. सगळे हसले. हा विनोद तो रोज करत असणार, असं मला वाटलं.

"ये रेशमाचं काम बघा," म्हणत त्यानं शाली उलगडल्या. जांभळ्यावर सोनेरी कोयऱ्या. बायका पुढं सरकल्या, एकानं पाकीट काढलं. तेव्हा मी उठलो.

"रेशीम म्हणालात ना? मग जाळून बघू."

रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो, सुताला कागदाचा, एवढं मला माहीत होतं. शालीच्या टोकाला दशा लोंबत होत्या. त्यातला एक धागा ओढला आणि काडी लावली. कागदाचा वास आला. मी तो धागा सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला.

"काका, ताणा सुताचाच रहता," विणकर खड्ड्यातून वर येत म्हणाला. "उभे धागे सूत, आडवे रेशीम. हिमरू म्हणजे तेच ना. ऐका तर..."

"मला शिकवू नका. जन्मभर तुमच्यासारख्यांचाच माल तपासलाय."

त्याचा चेहरा उतरला. 'तुमच्यासारख्यांचा' म्हणताना माझ्या मनात काय होतं ते त्याला कळलं होतं. तिथं आमच्या धर्मातलं, भावकीतलं कुणी बसलं असतं, तर मी काडी पेटवली नसती.

पाकिटं आत गेली. बाहेर येऊन मी पाटीचा फोटो काढला आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला: "सावधान. रेशमाच्या नावाखाली सूत. स्वतः जाळून पाहिले." रात्रीपर्यंत तो कुठल्या कुठल्या ग्रुपांवरून फिरून मलाच परत आला. मला अभिमान वाटला.

पुण्यात बायकोनं बॅगेतून तीच शाल काढली. सगळे बसमध्ये चढत असताना मागं राहून तिनं ती विकत घेतली होती.

"या इकडं," तिनं गॅसपाशी बोलावलं. दशीतला धागा जाळला, कागद. मग शाल उलटी करून कोयरीच्या मागचा सुटा धागा काढला, तो जाळला. स्वयंपाकघरात केस जळल्याचा वास पसरला.

"ते हेच सांगत होते. दशा उभ्या धाग्यांच्याच असतात. तुम्ही ऐकलं का?"

"बघू."

"काय बघू? ग्रुपवर लिहा, चुकलं म्हणून."

मी लिहिलं नाही. मंडळी हसतील, असं वाटलं. माझ्या फोनवरून फोटो तेवढा काढून टाकला.

पुढं भाच्याच्या लग्नाला त्या शहरात गेलो, तेव्हा क्रांती चौकात उतरून रिक्षा केली. गल्ली सापडली. माग चादरीनं झाकला होता. विणकर कुणाची तरी जुनी शाल रफू करत होता.

"माग बंद?" मी विचारलं.

"गाड्याच थांबत नाहीत चाचा. किसीने फोटो डाला. ड्रायव्हर बोलता, पॅसेंजर भांडते." सुई थांबवून तो म्हणाला, "चोर बोलले, ते भी चलता. पण घरी पाहुणा आला तर तोसुद्धा धागा जाळून वास घेऊन बघता आता." मग माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुम्ही आधी आले होते ना?"

हा ओळखून मुद्दाम विचारतोय, असं मला वाटलं. माझ्या तोंडून ऐकायचंय याला. चार माणसं गोळा करेल.

"नाही," मी म्हणालो. "पहिल्यांदाच."

त्यानं मान हलवली आणि चहा सांगितला. मी तो पूर्ण प्यायलो.

गेल्या वर्षी धीर करून पुन्हा गेलो. तिथं मोबाईलची कव्हरं विकायला टांगली होती. शेजारी म्हणाले, हैदराबादला लेकीकडं गेले असतील, नाहीतर कुठं कंपनीत. पत्ता कुणालाच नक्की माहीत नव्हता. माझ्या चौकशीचा त्यांनाच संशय आला असावा.

त्या चहाच्या वेळी म्हणायचं होतं ते एवढंच: भाऊ, धागा जाळणारा तो काका मीच. तुमचा माल खरा होता. तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकून घेतलं नाही, कारण सांगणारे तुम्ही होतात. मला माफ करा.