सुगंधाबाईची मिरची

आरमोरीजवळच्या आमच्या गावातल्या बाया धानाची कापणी आटोपली की तेलंगणात मिरची तोडायला जातात. मजुरी थोडी पैशांत मिळते, थोडी मिरचीत. त्यामुळे सुगंधाबाईच्या घरी मिरची कधी विकत आली नव्हती. तिची एकुलती लेक मयुरी दर उन्हाळ्यात पोतं घेऊन परतायची. मागच्या वर्षीही ती पोतं घेऊन आली, पण सोबत ताप आला. त्यातच ती गेली. मी इथल्या शाळेत शिकवतो; लहानपणी ती माझ्याच वर्गात होती. अक्षर मोठं आणि गोल काढायची.

त्यानंतर नागपूरहून रश्मी येऊ लागली. कुटुंबं कशावर किती खर्च करतात, यावर तिचं संशोधन चाललं आहे. परक्याला कोणी घरखर्च सांगत नाही, म्हणून मी सोबत जायचो. सुगंधाबाई तेल, साखर, साबण सगळं नीट सांगायची. मिरचीचं विचारलं की किती ते सांगून म्हणायची, "घरची."

"गुरुजी, तांदूळ, तेल तेवढंच आहे," एकदा परतताना रश्मी म्हणाली. "मिरचीचा वापरच दर खेपेला कमी होतोय. घरात कोणी आजारी आहे का?"

पुढच्या खेपेला तिने तेच विचारलं, तर वारलूभाऊ हसले. "आजारी कोनी नाई. पन जेवन दवाखान्याचंच भेटून राह्यलं."

"मीठ तं हाये ना? मंग गपचूप जेवा," सुगंधाबाई नवऱ्याला म्हणाली. मग हलकेच रश्मीला, "तिनं आनलेली हाये, बाई. पुरवून पुरवून वापरतो. हे सरली का तिच्या हातचं घरात काईच नाई."

पावसाळ्याआधी सगळ्यांनी मिरच्या उन्हात घातल्या. सुगंधाबाईने घातल्या नाहीत. पोत्याचं तोंड मयुरीने सुतळीने शिवलं होतं. ते तसंच ठेवून ती कोपऱ्यातल्या फटीतून दोन-दोन मिरच्या काढायची.

श्रावणात आम्ही गेलो तेव्हा कोपऱ्यातली फट मोठी करून पोतं ओसरीवर पालथं केलेलं होतं. मिरच्या काळ्या पडल्या होत्या, वर पांढरी बुरशी. वारलूभाऊ एकेक उचलून बघत होते आणि बाजूला टाकत होते. चांगल्यांचा ढीग झालाच नाही.

"उन्हात घालाले पायजे होतं," सुगंधाबाई म्हणाली. "पन ते टाके मी कशी उसवू?"

रश्मीने नोंदी करायचा मोबाइल पिशवीतून काढलाच नाही. शेवटी सुगंधाबाईच म्हणाली, "विचार ना, बाई. तुमचं काम थांबते."

रश्मीने तेल विचारलं, साखर विचारली. मग थांबली.

"मिरची," सुगंधाबाईनेच म्हटलं. "लिव. विकत. पाव किलो."

"कितीला?"

"मले नाई माहीत. यायनं आनली, यायलेच विचार," असं नवऱ्याकडे बोट करून म्हणत ती आत गेली.

वारलूभाऊंनी भाव सांगितला, पण इतक्या हळू की रश्मीला तो दुसऱ्यांदा विचारावा लागला.