हर्मेलिंदाचे कागद

हर्मेलिंदा ओकांपोबद्दल आमच्या सव्वीसाव्या रस्त्यावर कुणालाही विचारा, जो तो चांगलंच सांगेल. म्हणून मला विचारा. मी तिच्या समोरच्या कोपऱ्यावर एकोणीस वर्षं कणसाच्या पानात वाफवलेले तामाले विकलेत. तिच्यावर मी जितकं बारीक लक्ष ठेवलं, तितकं तिच्या सख्ख्या आईनंही ठेवलं नसेल.

ती मेक्सिकोतल्या ग्वेरेरोची, मी मिचोआकानची. शिकागोत ती माझ्यामागून पंधरा वर्षांनी आली, आणि आल्या आल्या बसथांब्याशेजारी तामाल्यांची हातगाडी लावून उभी राहिली. मी तिथे का नव्हते उभी राहिले? सुचलं नाही म्हणून. त्या वर्षी माझ्या इत्सेलचा बाप्तिस्मा होता. ठरलेली धर्ममाता ऐनवेळी आजारी पडली. पाद्रीबाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पहिल्या बाकावर बसलेल्या या नव्या बाईच्या हातात माझी पोर दिली. तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे झालो. आमच्यात हे नातं बहिणीच्या वरचं, तुटत नाही. मी तोडून पाहिलं असतं, पण पोरगी तिला चिकटली होती.

पिठात चरबी ती हातानं इतकी फेटायची की पिठाची गोळी पाण्यावर तरंगायची. माझी बुडते. मी लोकांना सांगायचे, "तरंगणाऱ्या पिठानं पोट भरत नाही हो." लोक हसायचे आणि रस्ता ओलांडून तिच्या रांगेत उभे राहायचे. माझा नवरा, देव त्याला शांती देवो, रविवारी चर्चहून येताना तिच्याकडे दोन तामाले उभ्या उभ्या खायचा आणि घरी माझ्या ताटासमोर पोट दुखतंय म्हणून बसायचा. ओठाला तिची हिरवी चटणी तशीच असायची.

आमच्याकडे माणसाचं वय विचारतात, पगार विचारतात, नवरा कुठे उलथला तेही विचारतात. या देशात राहायचे कागद आहेत का, एवढं मात्र कुणी कुणाला विचारत नाही. माझ्याकडे आहेत. नवऱ्याला शहाऐंशी सालच्या सरकारी माफीत मिळाले आणि त्याच्या शेपटीला धरून मला. त्यामुळे दर डिसेंबरला मी विमानात बसून गावी जायचे आणि येताना चीज आणून गल्लीभर वाटायचे. त्या एका महिन्यापुरती मी राणी असायचे.

मग एकदा, दहाएक वर्षं झाली असतील, चर्चच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं ढवळताना कुणी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "चायोचं बरंय बाई, तिला कागद आहेत."

हर्मे कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "माझंही झालं गं काम."

पुढच्या रविवारी तिनं सगळ्यांसाठी दुधात भिजवलेला केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले आणि आतल्या आत जळून कोळसा झाले. माझ्याकडे तिच्यापेक्षा एवढी एकच गोष्ट जास्त होती, तीही गेली. वर्षभरात तिची आई वारली तरी ती गावी गेली नाही. कागद असून आईच्या मातीला नाही! मी म्हटलं, काय चिक्कू बाई ही, तिकीट वाचवते. आणि हे मी चार ठिकाणी बोलले.

यंदा सप्टेंबरात परदेशातून आलेल्यांचे कागद तपासणारे सरकारी मुखवटेवाले शहरात आले. काळ्या काचांच्या गाड्या, तोंडं झाकलेली, छातीवर नाव नाही. टीव्हीवर सांगत होते, हे लोकांच्या सुरक्षेसाठी आहे, गुन्हेगारांना नेणार. खरं सांगते, सुरुवातीला मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत टोळीतल्यांनी गोळ्या झाडल्या होत्या, टायरवाल्या फर्मिनच्या दुकानाची काच फुटली होती. म्हटलं, न्या त्यांना, खुशाल न्या. पण त्यांनी नेलं शाळेपाशी कणसं विकणाऱ्या म्हाताऱ्याला. मग छतं बसवणारे तिघं नेले. फर्मिन म्हणाला, "आता शहर सुरक्षित झालं बघा. कणसांची केवढी दहशत होती!"

मग शिट्ट्या आल्या. प्रत्येकाच्या गळ्यात एक. गाडी दिसली की तुटक तुटक वाजवायची, म्हणजे ज्यांना दडायचंय ते दडतात. कुणाला धरलं तर एकच लांब, म्हणजे बाकीच्यांनी धावत यायचं. हर्मेची शिट्टी नारिंगी होती आणि तिच्याइतकी जोरात कुणालाच वाजवता येत नव्हती. घ्या, यातही तीच. शहरात मोठा मोर्चा निघाला तेव्हा ती ॲप्रनवर पहिल्या ओळीत चालली. फलक माझ्या पोरीनं रंगवला होता, "या शहराचा नाश्ता आम्ही करतो." दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! इत्सेलनं तो आमच्या फ्रिजवर चिकटवला. माझ्या फ्रिजवर! दूध काढायला गेलं की समोर हर्मे.

"तिचं काय जातंय शिट्टी वाजवायला?" मी इत्सेलला म्हणाले. "कागद असले की कुणीही शूर होतं."

"मम्मा, कागद तुलाही आहेत," इत्सेल म्हणाली.

त्यावर मी तिला भांडी घासायला लावली.

ऑक्टोबरात सायकलवाले आले. ही चांगली माणसं, खोटं कशाला बोलू. सकाळी सहाला सायकलींवरून यायची, रस्त्यावरच्या एखाद्या बाईचा अख्खा हंडा विकत घ्यायची आणि बेघरांच्या निवाऱ्यात वाटून टाकायची. हंडा रिकामा झाला की बाईनं सरळ घरी जायचं आणि दार लावून बसायचं. दिवसभर रस्त्यावर उभं राहायला नको, कुणाच्या नजरेला पडायला नको. आणि ते कुणाचा हंडा घ्यायचे? हर्मेचा. रोज. साडेसहाला ती गाडी ढकलत घरी निघायची आणि मी दहा वाजेपर्यंत थंडीत पाय आपटत उभी.

एक दिवस मी त्यांच्या म्होरकीला हटकलं. कोलीन तिचं नाव, रिटायर झालेली नर्स, केस कापसासारखे. आमची भाषा ती धडपडत बोलते आणि प्रत्येक बाईला अदबीनं 'दोन्या' म्हणते.

"कोलीनबाई, माझ्या तामाल्यांना काय किडे पडलेत?"

"नाही नाही, दोन्या चायो! तुमची तामाले फार छान आहे. पण आम्ही आधी ज्याला धोका, त्याला घरी पाठवते."

"मग हर्मेला कसला धोका? तिचे कागद कधीच झालेत. मी केक खाल्लाय त्याचा."

कोलीन गोंधळली. "खरंच? मग तुम्हाला? तुम्हाला भीती आहे?"

मी खोटं बोलले नाही. काहीच बोलले नाही. फक्त शाल घट्ट ओढली आणि रस्त्याच्या टोकाकडे भेदरल्यासारखं पाहिलं. त्या भल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मी दोन्या हर्मेला विचारून घेते." आणि सायकल घेऊन पलीकडे गेली. दोघी काहीतरी बोलल्या. हर्मेनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हंड्याचं झाकण उघडून आत बघत बसले.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या सायकली माझ्या कोपऱ्यावर! काय सांगू, मी हवेत होते. साडेसहाला घरी, गरम पाण्यात पाय सोडून टीव्हीसमोर. निघताना हर्मे पलीकडून ओरडायची, "अगं कोमाद्रे, निघाली का राणीची स्वारी?" मी हात हलवायचे. मनात म्हणायचे, आता तू भोग जरा थंडी. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी, सव्वाआठ झाले होते, मी पाय पुसत होते. आधी तुटक शिट्ट्या आल्या. जोर ऐकूनच कळलं की हर्मे आहे. मनात आलं, वाजव, पेपरवाला येतो का बघ. मग त्या एकदम थांबल्या आणि दुसऱ्याच कुणाची तरी लांब शिट्टी सुरू झाली. मग सगळ्याच बाजूंनी.

मी चपलांवर धावले. बसथांब्यापाशी गर्दी जमली होती, शिव्या चालल्या होत्या, मोबाइल वर धरलेले. गाडी निघून गेली होती. हर्मेची हातगाडी तशीच उभी, हंड्यातून वाफ येत होती. फर्मिननं पुढे होऊन गॅस बंद केला. बसथांब्यावर छतवाले चौघं उभे होते म्हणे. हर्मेनं शिट्टी फुंकली, ते धोबीखान्यात घुसले आणि वाचले. मुखवटेवाल्यांना ते मिळाले नाहीत, शिट्टीवाली मिळाली.

"काळजी करू नका," मी सगळ्यांना सांगत सुटले. "कागद आहेत तिच्याकडे. दुपारपर्यंत सोडतील."

त्या गर्दीत असं छातीठोक सांगणारी मी एकटीच होते.

दुपार गेली, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी इत्सेल वकीलबाईंना भेटून आली आणि जाकीट न काढता खुर्चीत बसली. "मम्मा, मावशीचा अर्ज तेव्हाच नाकारला होता. काही झालं नव्हतं तिचं. कधीच."

"आणि केक?"

"मला नाही माहीत केकचं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण तो हात माझा मलाच परका वाटत होता. कोलीनशी मी काय बोलले ते तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

त्यानंतर मी मोर्चाला गेले. हर्मेचा फोटो छातीशी धरून पहिल्या ओळीत चालले. अनोळखी बाया मिठ्या मारत होत्या. "तुम्ही त्यांच्या कोमाद्रे ना? देव तुम्हाला बळ देवो." पेपरवाल्यानं माझा फोटो काढला. इतकी वर्षं जे हवं होतं ते सगळं एका दुपारी मिळालं आणि मला वाटत होतं, कुणीतरी गर्दीतून पुढे यावं आणि माझ्या मुस्काटात द्यावी. कोलीनही भेटली. ती तर स्वतःलाच दोष देत होती. "त्या मला म्हणाल्या, कागद आहेत. मी ऐकलं. मी मूर्ख." मी तिला म्हणाले, "तुमची चूक नाही." पण चूक कुणाची, ते माझ्या घशाखालीच राहिलं.

सहाव्या आठवड्यात हर्मेला सीमेपार सोडलं. त्या रविवारी दुपारी तिच्या बहिणीच्या घरून फोन आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"कशी आहेस गं?" मी विचारलं.

"बरी आहे. आईच्या कबरीवर जाऊन आले. गवत केवढं माजलंय." मग म्हणाली, "तुझा गुडघा कसाय?"

मला ते सोसवेना. "गुडघा गेला खड्ड्यात. हर्मे, ऐक. कोलीनला मी सांगितलं होतं. तुला कागद आहेत म्हणून. सायकली माझ्याकडे याव्यात म्हणून."

"माहितीय मला."

"काय माहितीय?"

"ती विचारायला आली होती की त्याच दिवशी. दोन्या चायो म्हणतात तुम्हाला कागद आहेत, खरं का? मी म्हटलं, हो."

"हो?" मी ओरडलेच. "अगं बये, जीभ झडली होती का तुझी नाही म्हणायला? तिनं तोंड उघडलं नसतं कुणापाशी!"

"तुझ्यासमोर नाही म्हणू?" आता तिचाही आवाज चढला. "तू पलीकडून बघत होतीस. एकोणीस वर्षं जळतेय मी तुझ्यावर, चायो. दर डिसेंबरला तू विमानात बसून जायचीस आणि येऊन ते मेलं चीज वाटायचीस. माझ्या हातावर तुकडा ठेवून म्हणायचीस, खा, आपल्या मातीचं आहे. मी घरी जाऊन रडायचे. तो केक का आणला होता मी? एक रविवार तुझं तोंड पडलेलं बघायला. बघितलं. पुरून उरलं मला ते दहा वर्षं. आणि त्या दिवशी तू स्वतःच्या तोंडानं मला तुझ्या बरोबरीची म्हणालीस. ते खोटं पाडायला माझी जीभ उचलेना."

इतकी वर्षं मला वाटत होतं, जळणारी मी एकटीच. ती तर हसायची. रस्त्यापलीकडून हात हलवायची.

"हर्मे," मी म्हटलं, "मला माफ कर."

"माफीचं बघू पुढे," ती म्हणाली. कोंबड्यांना तिनं हुसकलं, कुणाला तरी चुलीवरचं बघायला सांगितलं आणि मग तिचा आवाज पुन्हा जवळ आला. "इकडे ये की एकदा भेटायला. तुला काय, विमानात बसलं की झालं."

तो टोमणा होता. मला लगेच कळला, कारण एकोणीस वर्षं तो मीच मारत आले होते. "येते," मी म्हटलं. ती म्हणाली, "ये. आणि चीज आणू नकोस."