माईंचा पॅरलल फोन

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वायरीतून येतो तो एकतर सिग्नल, नाहीतर नॉईज... तिसरं काही नसतं. भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी यथेच्छ टिंगल करायचो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायचो आणि घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. एका मंगळवारी उत्तनजवळच्या पालीहून सिल्वियाचा फोन आला. "दादा, नेट लागतच नाय. महिना होत आला." तिचा भाऊ अँथनी मालवाहू जहाजावर होता. बंदराला लागला की ई-मेल करायचा. कंपनी म्हणत होती, जहाजाशी संपर्क नाही. सायबर कॅफे तेव्हा आमच्या बाजूला आले नव्हते. पोरगा जिवंत आहे की नाही, एवढंच घरच्यांना कळायला हवं होतं.

सिल्विया दुपारच्या शाळेत शिकवायची, म्हणून रोज अकराला नेट लावून बघायची. मी पोचलो तेव्हा तीच वेळ होत आली होती. माऊस एका पोर्टवर, फोनच्या लाईनवरून नेट जोडणारा मोडेम दुसऱ्यावर – दोघांचं भांडण नाही. पोर्टचा स्पीड उतरवला, बाकी सेटिंग तपासलं. मोडेम मुकाट डायल करायचा, किंचाळायचा, खरखरायचा... आणि जुळता जुळता लाईन तुटायची. पाच वेळा! समोर भिंतीवर क्रूस होता म्हणून शिव्या गिळल्या.

सहाव्या वेळी मोडेमच्या स्पीकरचा आवाज मोठा केला. कुठे अडतंय ते मला कानाने कळायचं. तर त्या खरखरीत चक्क बाईचा आवाज!

"जेवलास काय रं बाबा? बांगडा तळलाय."

भिंतीवरची वायर धरून मी स्वयंपाकघरात पोचलो. तिथे पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाईनवरचा दुसरा, उचलला की नेट तुटणारच; आणि रिसीव्हर कानाला लावून सिल्वियाची आई, माई.

"माई, हे काय करताय?"

"अँथनीशी बोलतेय. मशीन त्यालाच फोन लावते न्हाय काय? रोज लावते."

सिल्वियाने कपाळावर हात मारला. मी पॅरललची वायर काढली, नेट पहिल्या फटक्यात लागलं. इनबॉक्स रिकामा.

"आता त्याला कोण इचारील, जेवलास काय म्हणून?" माई म्हणाल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू... पण फॉल्ट सापडला होता. मी निघालो.

शनिवारी सकाळी सिल्वियाने घाईने बोलावलं. मेल आली होती. इंजिन बिघडून जहाज भर समुद्रात अडकलं होतं, रेडिओही बंद. आदल्या रात्री ओढून बंदरात आणलं होतं. पुढचं मी स्वतः स्क्रीनवर वाचलं.

"घड्याळ मी घरच्याच वेळेवर ठेवलंय. रोज अकराला माईचा आवाज यायचा, जेवलास काय. त्यावर दिवस काढले. मंगळवारी बांगडा तळलाय म्हणाली, त्यानंतर आवाज नाही. माईला काय झालं? खरं सांगा."

दमल्याभागल्या माणसाला आईचा आवाज ऐकू येतो, मान्य. पालीत बांगडा रोजच तळतात, तेही मान्य. पण मंगळवार? त्याच दिवशी मी वायर काढली, हे त्याला कळवणार कोण आणि कसं?

मी स्वयंपाकघरात गेलो. वायर होती तशी जोडली आणि सिल्वियाला डायल करायला सांगितलं. मोडेम किंचाळला. माईंनी लगबगीने रिसीव्हर उचलला.

"बरी हाय रं मी! त्या कॉम्प्युटरवाल्यानं वायर काढलेली. जेवलास काय?"

लाईन तुटली. सिल्विया शाळेत गेली, मी घरी आलो. संध्याकाळी ती भावाला उत्तर लिहायला बसली आणि लगेच तिने मला फोन केला. अँथनीची दुसरी मेल आधीच येऊन पडली होती. दोनच ओळी.

"जेवलो. वायर काढणाऱ्याला सांगा, माझा राग नाही."

सिल्वियाने तोवर त्याला एक अक्षरही धाडलं नव्हतं. मी तिला तीनदा विचारलं. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही, पण त्यानंतर मी पालीतली ती वायर पुन्हा कधी काढली नाही.