दीड फूट वेळ

नागसेनच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला एक प्रश्न कधी चुकला नाही. कोल्हापूरच्या विमानतळावरून रंकाळ्यापर्यंतच्या वाटेत, कुठल्यातरी सिग्नलला, आरशात बघत तो विचारायचाच.

"पावणं, गाव कुठलं म्हणायचं?"

"नागपूर."

"म्हंजे देशाच्या मधोमध. आन समुद्र बघायचा म्हटलं तर?"

"लांब आहे हो."

"बघा की. हितनं सकाळी निघा, दुपारचं जेवण मालवणात. पुणं चार तास, गोवा चार तास, बेळगाव दोन. डोंगर हाय, नदी हाय, आता इमान बी हाय. असं जागेवर बसलेलं दुसरं गाव सांगा मला."

कुणी मुंबई म्हणालं तर उत्तर तयार असे. "तीन बाजूंनी पाणी. उद्या पळायची येळ आली तर माणसानं पळायचं कुठं?"

माणूस गडमुडशिंगीचा. बाप जन्मभर दुसऱ्याच्या उसात राबला. नागसेन दहावी होऊन शिवाजी पेठेतल्या एका जीपवाल्याकडं गाड्या धुवायला लागला, अठराव्या वर्षी लायसन, तिशीत स्वतःची गाडी. आंबा, गगनबावडा, फोंडा, आंबोली हे घाट त्यानं झोपेत उतरावेत इतक्या वेळा उतरले होते. बापाला गावाबाहेर जायला कधी कारण मिळालं नाही आणि लेकाला घरी थांबायला सवड मिळाली नाही. त्याच्या लेखी कोल्हापूर म्हणजे चहूकडं सुटलेले रस्ते. हवा तो धरा आणि निघा.

म्हणूनच ऑगस्टातल्या त्या मंगळवारी बायको तिसऱ्यांदा म्हणाली, "अवो, आत्ताच निघा की," तेव्हा त्यानं हातातली बशीसुद्धा खाली ठेवली नाही.

"पाणी किती हाय?"

लेकीनं, मनालीनं, मोबाईल बघितला. "सेहेचाळीस फूट सहा इंच."

"मग? अठ्ठेचाळीस झाल्याबिगर हायवेवर चढत न्हाय. दीड फूट वेळ हाय अजून."

पावसाळ्यात कोल्हापूरकर वेळ अशीच मोजतो. राजाराम बंधाऱ्यावरची नदीची पातळी तासातासाला मोबाईलवर फिरते. म्हशी कधी हलवायच्या, दुकानातला माल माळ्यावर कधी चढवायचा, सगळं त्या फूट-इंचांवर ठरतं. तासाला इंचभर वाढ धरली तर दीड फूट म्हणजे अठरा तास. कागलचं एक भाडं मारायचं, जेवायचं, दोनला निघायचं, सहाला पुणं.

"रत्नागिरीचा रस्ता बंद हाय, पप्पा. गगनबावडा बंद, इचलकरंजी बंद."

"आपल्याला एकच लागतोय न्हवं?"

मनालीचा पाय टेबलाखाली हलत राहिला. उद्या सकाळी दहाला पुण्यात तिच्या कागदपत्रांची तपासणी होती. सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियनची जागा. तीन वर्षांत चार परीक्षा दिल्या, तेव्हा कुठं यादीत नाव आलं होतं. पत्रात सरळ लिहिलं होतं: गैरहजर उमेदवाराची जागा पुढच्या नावाला.

साडेअकराला नागसेन कागलच्या चौकात प्रवासी उतरवत होता, तेवढ्यात हंबीररावचा फोन आला. हंबीरराव त्याच्याच स्टँडवरचा, वीस वर्षांचा जोडीदार.

"कुठं हायस?"

"कागल. का?"

"शिरोलीला पुण्याचा हायवे बंद केला."

"आसं कसं? अजून फूटभर हाय की."

"ते पाण्याला सांग जा. शेतातनं आडवं आलंय. लहान गाड्या बंद, नुसतं ट्रक सोडायलेत."

"निपाणीकडनं वळसा मारला तर?"

"तिकडं वेदगंगा चढलीया. मर्दा, घरला जा आधी."

घरी येईपर्यंत त्यानं तीनदा गाडी बाजूला घेतली, तीनदा कुणाकुणाला फोन लावला. चिकोडीकडनं? न्हाय. शाहूवाडीवरनं मलकापूर? तिथवर पोचायचंच कसं? ज्या ज्या रस्त्याचं नाव घ्यावं, तो पाण्यात.

दारात मनाली बॅग पाठीला लावून उभी होती. तिला कळलं होतं.

"सकाळी आठला निघालो असतो तर आत्ता पुण्याच्या दारात असतो आपण."

"गणित चुकलं गं."

"तुमचं गणित चुकत न्हाय, पप्पा. तुमास्नी मी जायलाच नको हाय. यादी लागली त्या दिवशी काय म्हणाला होता? हितं काय कमी हाय."

 गणित चुकलं की त्यानंच ते चुकू दिलं, हे त्याचं त्याला सांगता येईना. कागलचं भाडं काही सोडता न येण्यासारखं नव्हतं.

"भांडण वाटंत करा," आतून मनालीची आई म्हणाली. "रेल्वे चालू हाय का बघा."

रेल्वे. तीस वर्षांत या घरातलं माणूस रेल्वेत बसलं नव्हतं. ड्रायव्हरच्या घरची माणसं तिकीट काढून जातात का?

"पावणेतीनला हाय," मनाली म्हणाली. "रुकडीच्या पुलाला पाणी लागंपर्यंत सोडणार म्हणत्यात."

"चल."

हायवे बंद झाल्यावर अर्धं कोल्हापूर स्टेशनात उतरलं होतं. नागसेननं बॅग डोक्यावर घेतली, कोपरानं वाट काढली, जनरलच्या दारात अडकलेल्या माणसाला म्हणाला, "पावणं, आत सरका, लेकीची नोकरी हाय," आणि मनालीला पाठीत हात देऊन आत लोटली. चार गोष्टी सांगायच्या होत्या. गाडी सुटली.

मग तो फलाटावर येरझाऱ्या घालायला लागला. मागोमाग स्टेशनात आलेला हंबीरराव बाकावर बसून बघत होता.

"बस की मर्दा."

"बसवत न्हाय."

"एवढं रस्तं सांगत हुतास पावण्यांना. शेवटी पोरगी रुळावरनं गेली."

नागसेननं घड्याळ बघितलं. गांधीनगर गेलं असेल. आता रुकडी. पुलाच्या अलीकडंच थांबवली तर? परत आणतील का तिथंच ठेवतील? अजून फोन नाही. त्यानं मोबाईल या हातातून त्या हातात घेतला. तेवढ्यात तो वाजला.

"पप्पा, पूल झाला."

"झाला? पाणी किती खाली हुतं?"

"दिसलं न्हाय. लई गर्दी हाय. एका मावशीनं बॅगेवर बसायला जागा दिलीया."

"कागदं?"

"पोटाशी हायत. फोन ठेवू?"

"ठेव."

हंबीरराव उठला. "झालं न्हवं? चल, चहा घेऊ."

झालं.  आता ती पलीकडं आणि आपण अलीकडं. नागसेन चहाच्या गाड्याकडं निघाला, अर्ध्या वाटेत वळला आणि चौकशीच्या खिडकीसमोरच्या रांगेत उभा राहिला. नंबर आला.

"पुण्याची पुढची गाडी कवा हाय?"

"पूल चालू राहिला तर रात्री. कुणाला जायचंय?"

"कुणाला न्हाय," नागसेन म्हणाला. "नुसतं इचारतोय."

पण तो खिडकीवरून हलला नाही.