मोडलेलं मनगट आणि शाबूत फोटो

माझी थोरली जाऊ शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायची. चार-चार थर एकावर एक घालून, खडूने आखून मोठी कात्री चालवली की कडा अशा सरळ यायच्या की शिवणाऱ्या बायका तिचेच गठ्ठे आधी उचलायच्या. मी तिला ताई म्हणते.

एका सकाळी कारखान्याच्या ओल्या जिन्यावर तिचा पाय घसरला आणि सगळा भार उजव्या तळहातावर आला. दवाखान्यात एक्स-रे काढला. "हाड शाबूत आहे. मुका मार आहे, आठवड्याभरात उतरेल," डॉक्टर म्हणाले.

सूज उतरली. दुखणं उतरलं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी तोच जुना फोटो उजेडाकडे धरला, मनगटाला हातही लावला नाही. तिसऱ्यांनी वय विचारलं, पाळी विचारली. "झोप लागते का?"

"हात ठणकतो, म्हणून लागत नाही."

"घरात काही ताण? मन शांत ठेवा, दुखणं आपोआप कमी होईल."

मी शेजारीच बसले होते. डॉक्टरांचं मला पटलं. घरी येताना मीच तिला म्हटलं, "ताई, जरा दुसरीकडे मन लावा."

ती म्हणाली, "सूज राहिली असती तर बरं झालं असतं गं. दाखवायला काहीतरी असतं."

पातेलं तिच्या हातून सुटायला लागलं. "बरोबर कामाच्या वेळी दुखतो हिचा हात," भाऊजी म्हणायचे आणि आम्ही हसायचो. तीही हसायची, म्हणून आम्हाला काही वाटायचं नाही. मग एकदा शर्टांचा अख्खा गठ्ठा वाकडा कापला गेला. मालक रागावले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर दुसरी बाई उभी होती.

पडल्याला चौदा महिने झाले, तेव्हा ती चौथ्या डॉक्टरकडे गेली. तरुण मुलगी होती. "कशा पडलात ते करून दाखवा," ती म्हणाली. मग तिने अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात बोट दाबलं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

नव्या तपासणीत कळलं की ती पडली त्याच दिवशी एक बारीक हाड मोडलं होतं. पहिल्या फोटोत ते कधीकधी दिसत नाही, दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला हवा होता. आता त्याचा एक तुकडा मेला होता. ऑपरेशनने कळा कमी होतील, पण मनगट पूर्वीसारखं वळणार नाही.

"म्हणजे मोडलंच होतं," ताई म्हणाली.

"हो."

"कागदावर लिहून द्याल?"

तो कागद तिने भाऊजींपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मला तिथून उठावंसं वाटत होतं.

ऑपरेशन झालं. आता ताई त्याच कारखान्यात तयार कपड्यांचे लोंबते धागे डाव्या हाताने तोडते. भाऊजी रोज संध्याकाळी विचारतात, "दुखतंय का गं?"

"नाही," ती म्हणते.

परवा मी तिला मोरीत नळाच्या थंड पाण्याखाली मनगट धरून उभं असलेलं पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले. "अहो ताई, सांगायचं ना," मी म्हटलं.

"सवय गेली सांगायची," ती म्हणाली, आणि नळ बंद केला.