कापसाचा उपाय

थंडीत पहाटे सायकलवरून साखर कारखान्यात कामाला जाताना मी कानटोपी, मफलर, खिशात ओव्याची पुरचुंडी असा सगळा बंदोबस्त करतो. तरी सर्दी व्हायची ती होतेच. कोपरगाव सोडलं की कालव्याच्या रस्त्यावर धुक्यातून एक म्हातारा सायकलवर रोज माझ्या जोडीला यायचा. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. चढावरसुद्धा त्याला कधी धाप लागली नाही.

एकदा शिंकता शिंकता मी कालव्यातच जायचा राहिलो.

"लई शिंकता," तो म्हणाला.

"तुम्हाला नाही होत का सर्दी?"

त्याने उपरणं खाली ओढलं. दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे होते.

"हा उपाय कुणी सांगितला?"

"सांगतंय कोन. घरच्यांनीच घातला. तवापासून एक शिंक न्हाई बघा." त्याने खिशातून कापूस काढून माझ्यापुढे धरला. "घ्या, उरलाय थोडा."

मी हँडल सोडलं नाही. आमच्याकडे घरचे नाकात कापूस एकदाच घालतात, तिरडी उचलायच्या आधी.

हल्ली मी लांबच्या रस्त्याने जातो. सर्दी आहेच. पण सकाळची पहिली शिंक आली, की बरं वाटतं.